वेळापत्रकाच्या नावाखाली राज्यपद्धती बदलू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
संयुक्त संसदीय समिती (संविधान १२९ वी दुरुस्ती विधेयक, २०२४),
संसद भवन, नवी दिल्ली

विषय : ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयकातील ‘उरलेली मुदत’

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त ग्रामसेवक. हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात मात्र अजून ‘भाऊसाहेब’च चालतं. सगळी नोकरी नोटिसा काढण्यात, अजेंडे लिहिण्यात आणि मासिक सभेचं प्रोसिडिंग पुरं करण्यात गेली. त्यामुळे एखादा कागद हातात आला की आधी विषय वाचायचा, मग खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं, ही सवय लागलेली आहे. आपल्यापुढचं विधेयक तसंच वाचलं. लहानच आहे. कलम ८२-अ नवीन येतंय. ८३, १७२ आणि ३२७ मध्ये बदल आहेत. बाहेर चर्चा चालते ती खर्चाची, आचारसंहितेची आणि मास्तरांच्या इलेक्शन ड्युटीची. ती चर्चा करणारे पुष्कळ आहेत. मला एकाच तरतुदीबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून जाहीर पत्र लिहितोय.

तरतूद अशी आहे. लोकसभा किंवा विधानसभा पाच वर्षांच्या आधी विसर्जित झाली, तर जी निवडणूक होईल तिला मध्यावधी म्हणायचं आणि त्यातून येणारं सभागृह फक्त उरलेल्या मुदतीपुरतं असेल. म्हणजे साडेतीन वर्षांनी सरकार पडलं, लोकांनी पुन्हा मतदान केलं, तर नव्या सभागृहाला मिळणार दीड वर्ष. त्यातही दोन-तीन महिने निवडणुकीतच जातील.

हे कागदावर निरुपद्रवी दिसतं. म्हणून मी ते आपल्याच इतिहासावर लावून पाहिलं. अकराव्या लोकसभेची पहिली बैठक २२ मे १९९६ ला झाली. हे कलम तेव्हा असतं, तर त्या लोकसभेची मुदत मे २००१ पर्यंत. १९९८ ला मध्यावधी झाली, तिची मुदतही मे २००१ पर्यंतच. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २७० विरुद्ध २६९. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशाने मतदान करून वाजपेयींनाच परत आणलं. ते सरकार प्रत्यक्षात २००४ पर्यंत चाललं. या विधेयकाच्या हिशेबाने त्यांना १९ महिने मिळाले असते आणि मे २००१ मध्ये पुन्हा लोकांपुढे जावं लागलं असतं. म्हणजे १९९६, १९९८, १९९९ आणि २००१. पाच वर्षांत चार लोकसभा निवडणुका! निवडणुका कमी करायला आणलेलं कलम, आणि अडचणीच्या काळात ते नेमकं एक निवडणूक वाढवून ठेवतं. देशात स्थिर बहुमत असतं तेव्हा या कलमाची गरजच पडत नाही. गरज पडेल तेव्हा ते असं वागेल.

पण निवडणुकांची संख्या हा माझा मुख्य मुद्दा नाही. तोट्याचा हिशेब निघेल, सहन करू. मुद्दा असा, की या कलमाने सरकार आणि सभागृह यांच्यातलं नातंच बदलतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत हा प्रश्न सरळ घेतला होता. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. दोन्ही पूर्ण प्रमाणात एकदम देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब दोनदा होतो: एकदा रोजच्या रोज सभागृहात, प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून, आणि एकदा ठरावीक काळाने मतदारांपुढे. आपल्यासारख्या देशाला रोजचा हिशेब अधिक गरजेचा, हे त्यांचं म्हणणं. आता चौथ्या वर्षी लोकसभेत बसलेल्या एखाद्या खासदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सरकारचं चुकतंय हे त्याला दिसतंय. पण ते पाडलं तर निवडणूक लढवायची, खर्च करायचा, आणि निवडून आलं तरी वर्षभराचीच खासदारकी. कोण हात वर करील? विरोधी पक्षही म्हणेल, राहू द्या, वर्षभराची सत्ता घेऊन काय करायचं. रोजचा हिशेब कागदावर राहील आणि सरकार आपोआप पाच वर्षं चालेल. त्यात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहेच. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला जागा गमावल्याशिवाय सरकारविरुद्ध मत देता येत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली असते हे खरं. पण तिथं त्याच्या पक्षाचे खासदार त्याचं विधेयक पाडू शकतात, पैसे अडवू शकतात, आणि तरीही त्यांची जागा जात नाही. आपण तिथली फक्त ठरलेली मुदत आणतो आहोत. अंकुश तिकडेच राहतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो, नाहीतर कुणीतरी ती माझ्यावरच उलटवेल. बाबासाहेबांनीच १९४७ च्या आपल्या निवेदनात, अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी, मुदतीच्या आत विधिमंडळाला काढता येणार नाही अशी कार्यकारिणी सुचवली होती. म्हणजे ठरावीक मुदतीचं सरकार ही कल्पना त्यांना अस्पृश्य नव्हती. पण त्यांनी ती उघड मांडली, कारणं दिली, सोबत कार्यकारिणी निवडायची वेगळी रीतही दिली. घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी सत्ताविभाजनाच्या दुरुस्त्या आणल्या. त्यावर चर्चा झाली आणि त्या फेटाळल्या गेल्या. पुढे अध्यक्षीय पद्धतीचा पुकारा करणाऱ्यांत आपल्याकडचेच दोघे ठळक होते, बॅरिस्टर अंतुले आणि वसंतराव साठे. आणीबाणीच्या दिवसांत अंतुल्यांच्या नावाशी जोडला गेलेला मसुदा फिरला तेव्हा त्यावर काहूर उठलं, आणि काँग्रेसने घटनादुरुस्तीसाठी नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने अखेर संसदीय पद्धतच ठेवायची असं सांगितलं. साठ्यांनी तर ऐंशीच्या दशकात हा विषय जाहीरपणे लावून धरला. मला दोघांचंही म्हणणं पटलं नाही. पण राज्यपद्धती बदला असं म्हणायचं होतं, ते त्यांनी ‘राज्यपद्धती बदला’ असंच म्हटलं. त्यामुळे लोकांना हो किंवा नाही म्हणता आलं.

अर्धवट पद्धत बदलल्याने काय होतं ते बघायला परदेशी जायची गरज नाही, तरी दोन नावं घेतो. इस्रायलने १९९२ ला कायदा करून पंतप्रधान थेट जनतेतून निवडायचं ठरवलं, १९९६ पासून तसं केलं आणि २००१ ला तो कायदा रद्द केला. ब्रिटनने २०११ ला संसदेची मुदत कायद्याने पक्की केली आणि २०२२ ला तो कायदा गुंडाळला. दोन्ही देशांना आपलंच काम निस्तरायला नऊ ते अकरा वर्षं लागली.

आता घरचं. महाराष्ट्रात २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात झाली. २०१९ ला दुसरं सरकार आलं, त्याने २०२० ला ते बंद केलं. २०२२ ला तिसरं सरकार आलं, पुन्हा सुरू केलं. नगराध्यक्षांचंही तेच. माझ्याकडच्या एका गावात पहिल्याच खेपेला सरपंच एका पॅनेलचा आला आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. सभेची नोटीस मी वेळेत बजावायचो, सह्या घ्यायचो. सभेच्या दिवशी सरपंच खुर्चीवर, मी टेबलाच्या कोपऱ्यावर प्रोसिडिंग उघडून, बाकी बाकडी रिकामी. सहा जण समोरच्या पारावर चहा पीत बसलेले मला खिडकीतून दिसायचे. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ हे वाक्य इतक्यांदा लिहिलं की हात आपोआप वळायचा. कधी आले तर पथदिव्यांच्या बिलापासून गटाराच्या इस्टिमेटपर्यंत प्रत्येक विषयाला सूचक मिळाला तर अनुमोदक नाही. सरपंच म्हणायचे, मला गावानं निवडलंय. सदस्य म्हणायचे, आम्हाला काय पाकिस्ताननं निवडलंय? दोघांचंही खरं होतं. वित्त आयोगाचे पैसे काढायला सरपंचाचा आणि माझा असे डिजिटल सहीचे दोन डोंगल लागायचे. ठराव नाही म्हणून दोन्ही डोंगल कपाटात. थेट सरपंचाला काढायचं तर तीन-चतुर्थांश सदस्य हवेत, वर ग्रामसभेची मंजुरी. नऊपैकी सहा म्हणजे दोन-तृतीयांश; अडवायला भरपूर, काढायला अपुरे. गाडं पाच वर्षं तिथंच रुतलेलं.

थेट सरपंच ही कल्पना मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळे सदस्य पळवून नेऊन लॉजवर ठेवायचे प्रकार थांबले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सरपंचाची निवड बदलली आणि सरपंच-सदस्य यांच्या अधिकारांची फेरमांडणी केली नाही, म्हणून तो सगळा घोळ. हीच गोष्ट दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत घडवायची आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, ग्रामपंचायतीला उरलेल्या मुदतीचा नियम तुमच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीतच आहे की! आहे. कलम २४३-ई चा चौथा खंड मी पाठ म्हणू शकतो. पंचायत मुदतीआधी विसर्जित झाली तर नवी पंचायत उरलेल्या काळापुरती. पण तिथं फरक आहे. अविश्वास ठरावाने सरपंच जातो, पंचायत जात नाही. सदस्य तेच राहतात, त्यांची मुदत तीच राहते. म्हणून अविश्वासाचा वापर करताना कुणाला स्वतःच्या मुदतीची भीती नसते. पंचायत विसर्जित होणं हा अपवाद, आणि तेही शासन करतं. लोकसभेत सरकार पडून दुसरं बनलं नाही की सभागृह जातं. दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

आता वेळापत्रकाचा भाग. विधेयकाप्रमाणे, एखाद्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीची तारीख राष्ट्रपती ‘नियत दिनांक’ म्हणून जाहीर करू शकतील, आणि त्यानंतर निवडून येणारी प्रत्येक विधानसभा त्या लोकसभेबरोबर संपेल. समजा ती तारीख २०२९ च्या जूनमधली धरली. महाराष्ट्राचं फार बिघडत नाही. आमची विधानसभा २०२९ च्या नोव्हेंबरमध्ये येईल, पाच-सहा महिने कापले जातील. गोव्याचं बघा. तिथली निवडणूक २०२७, मग २०३२, आणि ती विधानसभा २०३४ च्या मध्यात संपणार. दोन वर्षं. कर्नाटकात २०२८, मग २०३३ चा मे, म्हणजे बेळगावच्या मतदाराने निवडलेलं सरकार जेमतेम एक वर्ष टिकणार. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगडमध्ये २०३३ च्या अखेरीस येणारं सरकार सहा महिन्यांचं! मंत्र्याला आपल्या खात्याच्या सचिवांची नावं पाठ व्हायलाच तेवढे दिवस लागतात. आणि हे सगळं करायला निम्म्या राज्यांची संमती लागत नाही, असं सरकारचं म्हणणं. कलम ३६८ च्या यादीत १७२ नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. पण ज्या विधानसभांचं आयुष्य कापायचं त्यांनाच विचारायचं नाही, हे रीतीला धरून नाही. ग्रामपंचायतीची हद्द बदलायची तरी आम्ही हरकती मागवतो.

सगळ्यात जास्त काळजी मला ८२-अ च्या पाचव्या खंडाची वाटते. एखाद्या विधानसभेची निवडणूक लोकसभेबरोबर घेता येत नाही असं निवडणूक आयोगाला वाटलं, तर तो राष्ट्रपतींना शिफारस करील आणि ती निवडणूक ‘नंतरच्या तारखेला’ होईल. किती नंतर? लिहिलेलं नाही. तोवर राज्य कोण चालवणार? तेही नाही. आपण म्हणाल, घटनात्मक संस्थेवर एवढा अविश्वास कशाला. महोदय, मी महाराष्ट्रात राहतो. आमच्याकडे स्थानिक संस्थांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं संविधानात स्वच्छ लिहिलेलं आहे, २४३-ई आणि २४३-यू. तरी काय झालं? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. नवी मुंबई आणि कोल्हापूर २०२० पासून प्रशासकाच्या हाती होती. बहुतेक जिल्हा परिषदांतही २०२२ पासून प्रशासक आले. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा निकाल, मग ट्रिपल टेस्ट, म्हणजे त्या आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेल्या तीन अटी, मग प्रभागरचना एका सरकारने बदलली, दुसऱ्याने परत फिरवली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं, तरी त्या लांबल्या. प्रत्येक टप्प्याला कारण होतं, आणि एकेक कारण वेगळं काढून पाहिलं तर पटणारंही होतं. तेवढ्या काळात गावातल्या बाईला पाणीयोजनेची तक्रार घेऊन जायला जिल्हा परिषद सदस्य नव्हता. निवडून आलेले पदाधिकारी नाहीत म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा वित्त आयोगाचा निधीही अडकला. पाच वर्षांची सक्त मर्यादा लिहिलेली असून ही गत, तर जिथं मर्यादाच लिहिलेली नाही तिथं काय होईल?

गंमत म्हणजे एकत्र निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या कोविंद समितीने लोकसभा-विधानसभेनंतर स्थानिक निवडणुका शंभर दिवसांच्या आत घ्या म्हटलं होतं. त्याला निम्म्या राज्यांची मंजुरी लागली असती. विधेयकात तो भाग आलाच नाही. म्हणजे ज्या निवडणुका खरोखर रखडतात त्यांना हात लावायचा नाही, आणि ज्या वेळेवर होतात त्यांची फेरमांडणी करायची.

विरोधकांची एक तक्रार मात्र मला तितकीशी पटत नाही. एकत्र निवडणुका झाल्या की लोक दोन्हीकडे एकच बटण दाबतात, असं म्हणतात. १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. लोकसभेला युतीचे ४८ पैकी २८ खासदार आले. विधानसभेत युतीला बहुमत मिळालं नाही आणि विलासराव देशमुखांचं सरकार आलं. दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्यामुळे मतं फुटली हे खरं, तरी मतदार काही आंधळा नव्हता. उलट २०२४ ला सहा महिन्यांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. लोकसभेला महाविकास आघाडीच्या ३० जागा आणि महायुतीच्या १७, आणि नोव्हेंबरात २८८ पैकी २३० महायुतीला. मधल्या काळात लाडकी बहीण आली, कांद्या-सोयाबीनचा राग होता तो थोडा निवला, दोन्ही बाजूंनी फेरजुळण्या केल्या. लोकांचं मत सहा महिन्यांत बदललं, आणि ते नोंदवायला त्यांना जागा होती. एकत्र निवडणुकीने हे मत बदलणं थांबणार नाही, नोंदवायची जागा तेवढी कमी होईल. ही किंमत द्यायची की नाही यावर मतभेद असू शकतात. मी दिली असती, जर बाकीचं विधेयक नीट असतं.

खर्चाबद्दल थोडक्यात. एकत्र निवडणुकांसाठी दर पंधरा वर्षांनी मतदान यंत्रांवरच सुमारे १०,००० कोटी लागतील असं निवडणूक आयोगानेच कळवलेलं आहे. उमेदवार आणि पक्ष जो पैसा उधळतात त्यावर या विधेयकात एक ओळ नाही. आणि आचारसंहितेत चालू कामं थांबत नाहीत, नव्या घोषणा थांबतात. हे तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयातला कारकून सांगेल.

आपली समिती मे २०२५ मध्ये मुंबईला येऊन गेली. मुख्यमंत्र्यांना भेटली, अधिकाऱ्यांना भेटली. सांगली, नांदेड, चंद्रपूर इकडे कुणी आलं नाही. माझी विनंती आहे की एक सुनावणी तरी जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत ठेवा आणि माजी सरपंचांना, जिल्हा परिषद सदस्यांना, निवृत्त तहसीलदारांना बोलवा. मुदत, अविश्वास, प्रशासक हे शब्द त्यांनी कामात वापरलेले आहेत.

मध्यावधी सभागृहाला उरलेलीच मुदत देणारी कलमं गाळा. लोकसभा असो वा विधानसभा, नव्याने निवडून आलेल्या सभागृहाला पाच वर्षं मिळू द्या. वेळापत्रक थोडं विस्कटलं तर विस्कटू दे, १९५२ ते १९६७ असं जुळलेलं वेळापत्रकही त्यासाठीच विस्कटलं होतं. सरकार उठसूट पडू नये एवढीच चिंता असेल तर जर्मनीसारखी तरतूद करा: अविश्वास मांडणाऱ्याने त्याच ठरावात पर्यायी नेता द्यायचा. १९८२ ला हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले, ते याच मार्गाने, मध्ये पोकळी न पडता. ८२-अ च्या पाचव्या खंडात ‘नंतरच्या तारखेला’च्या पुढे ‘कमाल सहा महिन्यांच्या आत’ हे शब्द घाला. आणि स्थानिक निवडणूक मुदतीत न घेणाऱ्या राज्याचं काय करायचं, यासाठी एक कलम जोडा.

आणि समितीतल्या बहुसंख्य सदस्यांना ठरलेल्या मुदतीचं, सभागृहाने न काढता येणारं सरकारच हवं असेल, तर तेही चालेल. मग हे विधेयक परत पाठवा आणि त्या नावाचं दुसरं आणा. त्यात मंत्रिमंडळ कसं निवडायचं, व्हिप राहील की जाईल, अर्थसंकल्प नामंजूर झाला तर काय, हे सगळं लिहा, आणि निम्म्या राज्यांपुढे ठेवा. त्यावर मी वेगळं पत्र लिहीन. बहुधा विरोधातच.

हे निवेदन समितीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने स्वतंत्रपणे पाठवलं आहे. पोच मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामसेवक
जि. सांगली